आईला ताप आला म्हणून बाळाचं दूध तोडू नका

रानजाई
आईला सर्दी-ताप झाला की घरातून पहिली सूचना येते, 'आता बाळाला अंगावर पाजू नकोस.' माझं ठाम मत आहे की बहुतेक वेळा हा सल्ला बाळाच्याच मुळावर येतो. फ्लू पसरतो खोकल्यातून, शिंकेतून, हातांवरून; दुधातून नाही. शिवाय लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून आई विषाणू पसरवत असते. म्हणजे ताप चढेपर्यंत बाळाचा संपर्क होऊन गेलेला असतो. तेव्हा दूध तोडलं की बाळाला मिळणारी प्रतिपिंडं तेवढी बंद होतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लसही देता येत नाही. कोविडच्या सुरुवातीला ठिकठिकाणी मायलेकरांची ताटातूट केली गेली. जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की बाधित आईनेही पाजत राहावं. मास्क लावा, हात धुवा, पाजत राहा. बस्स.

सडेतोड
त्या 'बस्स'वरच माझा आक्षेप आहे. विषाणू म्हणजे फक्त फ्लू नव्हे. एचटीएलव्ही-१ हा रक्ताचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू मुख्यतः दुधातूनच बाळाला जातो. इबोला झालेल्या आईने पाजायचं नसतं. स्तनावर हर्पीसचे फोड असतील तर त्या बाजूने पाजणं नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं. बाळंतपणाच्या आगेमागे आईला कांजिण्या उठल्या तर बाळाला वेगळं ठेवायची वेळ येते. रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधणारी आई तुमचं शीर्षक वाचेल आणि फोन ठेवून देईल. तिला नेमकं काय झालंय हे तुम्हाला कुठे माहीत आहे?

रानजाई
एचटीएलव्ही आणि इबोला मान्य. पण बाकीच्या दोन्हींत भीती फोडांच्या स्पर्शाची, कांजिण्यांत हवेतून होणाऱ्या लागणीचीही आहे; दुधाची नाही. हर्पीसमध्ये दुसऱ्या बाजूने पाजता येतं. कांजिण्यांत बाळ वेगळं ठेवलं तरी, स्तनावर फोड नसतील तर, काढलेलं दूध घरातलं दुसरं कुणी पाजू शकतं. 'जवळ घेऊ नको' आणि 'दूध देऊ नको' यांची गल्लत होते, त्यात बाळाची उपासमार होते.

निशिगंध
मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या आया दूध पाजायला घाबरतात. बाळाला जन्मानंतर १२ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मिळालं की पाजायला हरकत नसते. हिपॅटायटिस सी दुधातून जात नाही, पण स्तनाग्राला चिरा पडून रक्त येत असेल तर ते बरं होईपर्यंत थांबायचं. एचआयव्हीचं मात्र सडेतोड म्हणतात तसं आहे, तो दुधातून जातो. आईची औषधं नियमित चालू असतील तर धोका खूप कमी होतो. तरी तो निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यायचा.

उन्मेष_बाबा
सगळे बाळाबद्दल बोलताहात. माझ्या बायकोला फ्लूत बसताही येत नव्हतं, आणि भेटायला येणारं प्रत्येक माणूस 'पाजत राहा' म्हणत होतं. ती रडायची. शेवटी मीच दोन दिवस पावडरचं दूध दिलं. बाळ ठणठणीत आहे. आईने झोपायचं कधी, हे एकानेही लिहिलेलं नाही.

निशिगंध
उन्मेषदादा, पावडर दिलीत यात गैर काही नाही. फक्त अशा वेळी दर तीन तासांनी दूध काढायला तिला मदत करायची. नाहीतर छाती दगडासारखी होते, गाठी येतात, आणि फ्लूच्या तापावर स्तनदाहाचा ताप चढतो. बसवत नसेल तर कुशीवर झोपवून पाजता येतं; बाळ तिच्याकडे तोंड करून आडवं, आणि आपण जागं राहून शेजारी बसायचं. तिला डोळा लागला की बाळ उचलून त्याच्या जागी ठेवायचं. पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन आणि कोडीन नको. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन आहे का तेही बघा, त्याने दूध आटतं.

सडेतोड
ही माहिती मूळ धाग्यात हवी होती. रानजाई, शीर्षकात 'ताप' ऐवजी 'सर्दी-फ्लू' करा. अंगावर पुरळ किंवा फोड असलेल्या आईने आधी डॉक्टरांना दाखवावं, हेही वर घाला.

रानजाई
पुरळाचं वर घालते. शीर्षक बदलणार नाही. ताप हा शब्द ऐकूनच घराघरांत दूध तुटतं, आणि मला त्याच घरांशी बोलायचं आहे.

सडेतोड
मग माझा विरोध कायम.