क्रॉफिश बॉइलसाठी लाकडी वल्हं घरी करायचंय : लाकूड कोणतं घेऊ?

बायूकाठचा :

नमस्कार मंडळी. मी लुइझियानात राहतो. यंदा वसंतात अंगणात क्रॉफिश बॉइल घालायचा बेत आहे, म्हणजे क्रॉफिश (गोड्या पाण्यातले, कोळंबी-खेकड्याच्या जातकुळीतले जीव) मसाल्याच्या पाण्यात उकडून सगळ्यांनी मिळून खायची मेजवानी. 80 क्वार्टचं, म्हणजे साधारण 75 लिटरचं भांडं आणि प्रोपेनचा बर्नर आहे. आत जाळीची टोपली, तीत एका वेळी एक पोतं म्हणजे 30-35 पौंड क्रॉफिश, शिवाय बटाटे, कणसं, सॉसेज. हे ढवळायला इकडे लांब लाकडी वल्हं वापरतात. विकत मिळतं, पण मला ते स्वतःच्या हातानं करायचंय. जिगसॉ (वळणं कापायची यांत्रिक करवत), हातरंधा आणि मरफा (लाकूड घासायची खरबरीत कानस) आहे. लाकडाच्या वखारीत पाइन, रेड ओक, हार्ड मेपल आणि सायप्रस पाहिलं. कोणतं घेऊ? लांबी किती ठेवू? वरून पॉलिश काय मारू? एक मित्र म्हणतो, होडीचं जुनं वल्हं घासून घे, झालं काम. ते चालेल का?

सुतारपक्षी :

होडीचं जुनं वल्हं आधी डोक्यातून काढा. त्यावर व्हार्निश किंवा रंग असतोच, आणि तो किती खोल मुरलाय ते वरून कळत नाही. उकळतं तिखट पाणी ते सगळं सोडवून घेईल. त्याच कारणानं बाहेरच्या बांधकामासाठी औषध मारलेली फळीही नको, ती कितीही स्वस्त मिळाली तरी.

पाइनमधून राळ सुटते, चवीला लागते. रेड ओकची छिद्रं मोठी आणि आरपार असतात. एखाद्या छोट्या तुकड्याच्या टोकाला तोंड लावून फुंकर मारा, हवा दुसऱ्या टोकातून बाहेर येते. तसाच मसाला आणि माशाचं पाणी आत शिरणार, आणि धुऊन निघणार नाही. हार्ड मेपल घ्या. छिद्रं बारीक, वास नाही, कड पटकन झिजत नाही.

पण लाकडाच्या जातीपेक्षा मी फळीच्या रेषांना जास्त किंमत देतो. वखारीत फळी उचलून तिच्या अरुंद कडेकडे बघा. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेला समांतर धावत असतील तर ती फळी तुमची. रेषा मध्येच तिरकी होऊन कडेबाहेर निघत असेल तर दांडा नेमका तिथेच मोडणार, तोही भरल्या भांड्यात जोर लावताना. दांड्यात गाठ अजिबात नको. आणि फळ्या चिकटवून वल्हं करू नका. पाण्याला टिकणारा डिंकही उकळत्या पाण्यात नरम पडू शकतो. सव्वा इंच जाडीची एकसंध फळी शोधा, मिळते.

लांबी 42 इंच ठेवा. भांडं बर्नरवर चढलं की त्याचा काठ बराच वर येतो, आणि हात वाफेच्या बाहेर राहायला हवेत. पातं 12 इंच लांब, साडेचार इंच रुंद. त्याहून रुंद केलंत तर क्रॉफिशच्या ढिगात ते फिरवताना खांदे भरून येतील.

आकार काढायला पुठ्ठ्यावर अर्धंच वल्हं काढा. फळीवर मधोमध रेघ मारा, पुठ्ठा एकदा इकडून, एकदा उलटा करून तिकडून आखा. दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. जिगसॉनं रेघेच्या थोडं बाहेरून कापा. मग दांडा. आधी चौकोनी, मग चारही कडा उतरवून अष्टकोनी, मग त्या आठ कडा मारून गोल. थेट गोल करायला गेलं की दांडा लंबगोल होतो आणि हातात फिरतो.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे दांडा पात्याला मिळतो तो खांदा. तिथे एकदम अरुंद करू नका, चार-पाच इंचांत हळूहळू पसरू द्या. रंधा नेहमी जाड भागाकडून पातळ भागाकडे चालवा, म्हणजे खांद्यापासून टोकाकडे. उलटा चालवला तर रंध्याचं पातं लाकडाच्या रेषेखाली घुसतं आणि लांब चीर उपटून येते, आणि ती चीर नेमकी खांद्यातच खोल जाते. वल्ह्याचं पातं टोकाला पाव इंचापर्यंत उतरवा, पण धार ठेवू नका. ढवळायचं म्हणजे गोल गोल फिरवायचं नसतं, तळाचं उचलून वर आणायचं असतं. धारदार कडेनं क्रॉफिशची डोकी तुटतात आणि आतला पिवळा ऐवज पाण्यात जातो. टोकाचे कोपरे टोपलीच्या तळाच्या गोलाईला बसतील असे वळवा.

सायप्रसप्रेमी :

मेपलला नाव ठेवत नाही, पण लुइझियानात राहून सायप्रस वगळू नका. बाल्ड सायप्रस हा त्या राज्याचा अधिकृत वृक्ष आहे, 1963 पासून. बॉइलची वल्ही तिकडे या लाकडाची बरीच करतात, कारण ते हलकं आणि पाण्याला दाद न देणारं. मऊ मात्र आहे. कठीणपणाच्या जांका मापात हार्ड मेपल 1450 च्या आसपास, सायप्रस 510 च्या. म्हणून टोक पाव इंचाऐवजी अर्धा इंच ठेवा. आतल्या गाभ्याचं लाकूड मागा, बाहेरचं पांढुरकं नको. पात्यात तीन-चार भोकं पाडलीत तर पाणी त्यातून निघून जातं, ढवळायला हलकं पडतं.

बायूकाठचा :

दोघांचेही मनापासून आभार. मेपलच घेतो, भोकं पाडतो. पॉलिशचं राहिलं. आणि बर्नर बंद केल्यावर अर्धा तास मुरत ठेवतात, तेव्हा वल्हं भांड्यातच उभं ठेवलं तर चालेल ना?

सुतारपक्षी :

नाही, अजिबात ठेवू नका. वाफेनं लाकूड वाकवणारे कारागीर इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ देतात. भांड्याच्या काठाला रेलून ठेवलेल्या वल्ह्याला तुम्ही जवळपास तेच करता आहात, दांडा बाक धरेल. मुरताना अधूनमधून वर-खाली करा आणि बाहेर काढा.

पॉलियुरेथेन किंवा व्हार्निश नको, उकळत्या पाण्यात त्याचे पापुद्रे सुटून जेवणात येतात. बाजारातल्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात सुकवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, तेही नको. मी तर कोरंच ठेवा म्हणेन. 120 नंबरच्या पेपरनं घासा, ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या. तंतू काट्यासारखे उभे राहतील, ते 220 नं हलकेच उतरवा. पुन्हा ओलं, पुन्हा 220. यावर मेहनत घ्या, मग हातात कुसळ जात नाही. बॉइलच्या आधी साध्या पाण्यात बुडवून घ्या, मसाल्याचा रंग कमी चढतो. नंतर गरम पाणी आणि थोडा साबण, मग दांड्याच्या टोकाला भोक पाडून सावलीत टांगा.

मीठभाकर :

एक जोडते. पाहुण्यांत कुणाला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर त्यांच्या कणसाबटाट्यांचं भांडं वेगळं, आणि वल्हंही वेगळं. या ॲलर्जीला मुख्यतः कारण असलेलं प्रथिन उकळूनही नष्ट होत नाही, आणि लाकडाच्या छिद्रांत काय उरलं ते डोळ्यांना दिसत नाही. उरलेल्या फळीतून दुसरं आखूड वल्हं निघत असेल तर आत्ताच काढून ठेवा, आणि दांड्यावर तापल्या सळईनं खूण करा, म्हणजे गडबडीत अदलाबदल व्हायची नाही. शाकाहारी पाहुण्यांनाही तेच उपयोगी पडेल.

बायूकाठचा :

ताई, हे लक्षातच आलं नव्हतं. शेजारच्या मुलाला ती ॲलर्जी आहे आणि तो येणार आहे. दोन वल्ह्यांपुरती फळी घेतो.