गर्भनिरोधक साधनं फुकट असली तरी दवाखाना परवडायला हवा
वर कुणीतरी लिहिलंय की गर्भनिरोधक साधनं फुकट दिली की निर्वासित बायका वापरतीलच, मला हे अर्धंच पटतं. जॉर्डनचं बघा ना, कॅम्पबाहेर राहणाऱ्या सीरियन लोकांना सरकारी दवाखान्यात आधी उपचार मोफत होते, नोव्हेंबर 2014 मध्ये ते बंद झाले आणि विमा नसलेल्या जॉर्डनच्या नागरिकाचा दर लागला, मग 2018 मध्ये परदेशी माणसाच्या दराच्या 80 टक्के, 2019 ला परत खाली. दर असे वरखाली झाले की बाई दवाखान्यात जायलाच बिचकते, आणि घरात पैसे कमी असले की मुलाचं औषध आधी, स्वतःची तपासणी शेवटी. त्यात जायचं-यायचं भाडं, लेडी डॉक्टर आहे की नाही, नवरा-सासूचं म्हणणं. तीन महिन्यांचं इंजेक्शन एकदा चुकलं तरी दिवस राहू शकतात. कॉपर-टी, इम्प्लांट (दंडात कातडीखाली बसवतात ती छोटी कांडी) वर्षानुवर्षं चालतं हे खरंय, पण त्रास झाला आणि काढायचं ठरवलं तर तेव्हाही दवाखाना परवडायला हवा ना, यावर कुणी बोलतच नाही! आणीबाणीतल्या किमान प्रजनन आरोग्यसेवांच्या आंतरराष्ट्रीय यादीत नको असलेली गर्भधारणा टाळणं हे स्वतंत्र उद्दिष्ट 2018 मध्ये आलं, इतक्या उशिरा, याचं मला फार वाईट वाटतं.