१८७० च्या मागे जायचं तर
अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबाची वंशावळ शोधताना माग १८७० पाशीच का तुटतो, असं एकाने विचारलंय. गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती त्याच वर्षी. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव, त्याखाली नुसतं वय, लिंग, वर्ण. ‘२२, स्त्री, काळी’ अशी ओळ, बस्स! म्हणून मग मालकाच्याच घराण्याची मृत्युपत्रं, वाटणीचे कागद चाळायचे. तिथे बैल-नांगरांच्या रांगेत माणसांची नावं सापडतात, किमतीसकट. (अशी यादी वाचल्यावर त्या दिवशी घास उतरत नाही.) १८९० ची जनगणना मात्र विसरा, १९२१ च्या आगीनंतर तिचं जवळजवळ काही उरलं नाही. १८८० वरून थेट १९०० वर उडी.