मदत हवी आहे: मौलमेनचा युद्धकैदी कॅम्प नक्की कुठे होता?

अबोली: सासरे ऑस्ट्रेलियन, वय 78. त्यांचे वडील जपान्यांच्या कैदेत होते. कपाटात एक छापील कार्ड सापडलं: इम्पीरियल जपानीज आर्मी, मुक्काम मौलमेन, ब्रह्मदेश. मी पगारी काम करतो, वगैरे. खाली फक्त सही. चार दिवस शोधतेय, काही हाती लागत नाही. 25 एप्रिलला अ‍ॅन्झॅक डे, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा सैनिक स्मृतिदिन, त्याआधी सासऱ्यांना सांगायचंय. लवकर सांगा प्लीज.

कोकणकडा: सैनिकी नंबर काय? कुठे पकडले? एवढ्यावर कोण काय सांगणार?

भटक्या72: सरळ थायलंडमधल्या कांचनाबुरीला जा. कैद्यांनी रेल्वेसाठी फोडलेल्या हेलफायर पासच्या कातळात भोकं पाडल्याच्या खुणा अजून दिसतात. बँकॉकहून पहाटे निघा, ऊन फार लागतं.

कोकणकडा: भटक्या, तो पास थायलंडच्या बाजूला. थायलंड ते ब्रह्मदेश ही 415 किलोमीटरची रेल्वे जपान्यांनी दोन्ही टोकांकडून बांधून घेतली. ताईंनी सहल नाही विचारलेली.

भटक्या72: जागा पाहिल्याशिवाय काही कळत नाही, माझं ठाम मत आहे.

मैत्रेयी: मलायाच्या मळ्यांतून नेलेल्या तमिळ मजुरांचं कुणी विचारत नाही. सैनिकांना निदान नावाचे दगड आहेत.

अबोली: मैत्रेयी, अगदी खरंय, पण त्यावर वेगळा धागा काढा ना. नंबर व्हीएक्सने सुरू होतो. सिंगापूरला पकडले, मे 1942 मध्ये बोटीने हलवलं. जेवणाचा पत्र्याचा डबाही आहे, तळाला 105 कोरलंय. कैदी क्रमांक असेल.

कोकणकडा: अहो, हे आधी सांगायचं! व्हीएक्स म्हणजे भरती व्हिक्टोरियात. मे 1942 मध्ये सिंगापूरच्या चांगी कॅम्पहून ब्रह्मदेशात गेली ती कैद्यांची तुकडी म्हणजे ए फोर्स, सुमारे 3000 ऑस्ट्रेलियन. आधी धावपट्ट्या बांधल्या, मग रेल्वे. तिथे कॅम्पांना थानब्यूझायातपासूनच्या, म्हणजे रेल्वेच्या ब्रह्मदेशातल्या टोकापासूनच्या अंतराचंच नाव असे, म्हणून 105 किलो, म्हणजे किलोमीटर. मौलमेन कार्डावर सरसकट छापलेलं. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये बी883 या सैनिकांच्या फाइलींच्या मालिकेत नंबर टाकून फाईल काढा.

अबोली: डबा उन्हात धरला. 105 च्या खाली 55 पण आहे, मी पोचा समजत होते.

कोकणकडा: 55 किलोला इस्पितळाचा कॅम्प होता, डॉ. अल्बर्ट कोट्स यांचा. पायाच्या चिघळलेल्या जखमा घेऊन माणसं तिथे येत. शंभराहून जास्त पाय कापावे लागले. वडिलांच्या पायाला काही होतं का, विचारा.

अबोली: विचारलं. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, वडील मुलांना समुद्रावर न्यायचे, पण स्वतः लांब पँट घालून वाळूतच बसायचे. आज रात्री फाईल शोधते.