शब्दचर्चा: बोल्ड म्हणजे ‘ठळक’ की ‘जाड’?

जळगावकर: भावाच्या भरीत-कळण्याच्या हॉटेलची पाटी करायची आहे. इंग्रजी नावासाठी ‘कूपर ब्लॅक’ हा टाईप, म्हणजे अक्षरांचा नमुना, ठरवलाय. पेंटरला मराठीत समजावायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. बोल्ड, रेट्रो, सेरिफ, डिस्प्ले, चारही शब्द इंग्रजी. ‘ठळक’ लिहिलं तर तो विचारतो, “म्हणजे रंग गडद का?”

धुळेकर: बरोबरच विचारलं त्याने. ‘ठळक’ म्हणजे चटकन नजरेत भरणारं. आकाशवाणीवरच्या ‘ठळक बातम्या’ काही जाड आवाजात सांगत नाहीत. मोकळ्या भिंतीवर बारीक अक्षरही ठळक दिसतं, आणि सगळंच जाड छापलेल्या जाहिरातीत काहीच ठळक उरत नाही. रेघेच्या वजनाला सरळ ‘जाड’ म्हणा. कूपर ब्लॅकला तर मी ‘गुबगुबीत’ म्हणेन. त्याचा ‘ओ’ बघा: आतली पोकळी एवढीशी, तीही डावीकडे कललेली.

अमळनेरचा जुना जुळारी: आमच्या छापखान्यात फॉन्ट हा शब्दच नव्हता. टाईप, नाहीतर खिळा, म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा ठसा. खिळे जुळवणारा तो जुळारी. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, पण बाजूची खाच अंगठ्याला लागली की खिळा नीट बसला हे न बघता कळायचं. टाईपचा आकार पॉइंटमध्ये मोजायचा; मजकुराला १२ पॉइंट. ७२ पॉइंट म्हणजे जवळजवळ १ इंच, तो मथळ्याचा टाईप. तुमच्या ‘डिस्प्ले’ला हाच शब्द घ्या. जत्रेच्या पोस्टरला त्याहून मोठे, लाकडी खिळे लागत.

जळगावकर: ‘मथळ्याचा टाईप’ झकास. रेट्रोला ‘जुन्या वळणाचा’ चालेल?

धुळेकर: अक्षराला वळण असतंच, पण ‘जुन्या वळणाचा’ म्हटलं की मला सासरे आठवतात. ‘जुन्या धाटणीचा’ घ्या. तसा हा टाईप जुना आहेच: ऑझवाल्ड कूपरने काढला, शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलरने १९२२ साली बाजारात आणला. आपल्याला जुनं वाटतं ते मात्र १९७०च्या दशकातलं, तेव्हा तो फार वापरात होता म्हणून.

नंदुरबारकर: सेरिफ म्हणजे आपली शिरोरेषाच की!

जुळारी: नाही हो. सेरिफ म्हणजे रेघेच्या टोकाला फुटलेला छोटा पाय. तो छाटला तरी इंग्रजी अक्षर तेच राहतं. शिरोरेषा काढून बघा, ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांत गफलत होते. भावाच्या पाटीवर ‘भरीत’चं ‘मरीत’ व्हायला वेळ लागणार नाही.

जळगावकर: पेंटरला शेवटी असं पाठवलं: ‘मथळ्याचं गुबगुबीत जाड अक्षर, जुन्या धाटणीचं, टोकांना गोलसर पाय.’ लगेच त्याचा फोन. “वांग्यासारखं ना? मग तसं सांगा ना भाऊ.”