खातं क्लासचं, हात पोरांचे
शिकवणीच्या क्लासची ऑनलाइन जाहिरात करायची तर बारावीच्या पोरांनी आपापल्या मोबाइलवरून क्लासचं पेज उघडावं, असं कुणी कुणी सुचवतं. काम पोरांनीच करावं, पण खातं क्लासच्या जीमेलवर आणि सरांच्या नंबरावर हवं. बारावीनंतर पोरं पुण्याला, संभाजीनगरला जातात, सिम बदलतात, आणि ओटीपी कुणाकडं गेला ते कळत नाही. यूट्यूबवर तर पासवर्ड न देताही पोरांना संपादक करता येतं.

इन्स्टाच्या आधी गूगल मॅपवर नोंद करा. लातूर-उदगीरला बाहेरगावाहून येणाऱ्या पालकांना पत्ता तिथंच सापडतो. पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, मग कुलूप उघडून आतली खोली. किमान 30 सेकंद, सलग, मधे कट नको, कुणाचा चेहरा नको. पाटीवरचं नाव नोंदीतल्या नावाशी तंतोतंत जुळवा, नाहीतर अर्ज अडकू शकतो. बक्षीस दाखवून पाच तारे गोळा करणं नियमात बसत नाही. असे अभिप्राय गूगल काढून टाकतं.

रीलमध्ये एकच गणित घ्या. खडूची अक्षरं मोठी, फळ्यावर चकाकी नको. कूलरच्या घरघरीत सरांचा आवाज बुडतो, म्हणून कॉलर माइक लावाच. आणि 18 वर्षांखालच्या कुणाचाही फोटो किंवा गुण टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या.