पोरगी चित्र रंगवत नाही, चिखल करते

प्रश्न : लेक तीन वर्षांची. छापील चित्रात रंग भरायला दिलं की कागद फाडते, पण कणकेच्या परातीत तासभर रमते. सासूबाई म्हणतात, वळण लावा.

गंगावेसकर : वळण कसलं लावताय ओ! बेंदूर, बैलांचा सण आलाय, कुंभाराकडनं मळलेली माती आणा. बैल करून दाखवू नका, नाहीतर ती तुमचाच बैल करत बसंल. शिंगं पाच आली तर येऊ देत. ‘हे काय केलंस?’ नको, ‘सांग की याचं’ म्हणा.

बालवाडी ताई : ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, त्यात खडे, शिंपले, पानं हीच साधनं. फक्त बारके दाणे नाकात जातात, जवळ बसा.

प्रश्नकर्ती : माती वाळून तडकली तर?

गंगावेसकर : ओलं फडकं टाका की.